सोमवारच्या चिठ्ठ्या

अन्याय माझ्या ताईवर झाला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी.

वेळ मला पाठ आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी ट्रस्टचा जो मोठा दवाखाना आहे, त्याच्या वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात आम्ही दोघी उभ्या होतो. व्यवस्थापकांच्या डोक्यावर भिंतीवर घड्याळ होतं आणि माझी नजर दुसरीकडे कुठे ठरत नव्हती. खाली आवारात पोरं लाकडी बैल सजवून रांगेत उभी होती. वर माझ्या बहिणीच्या हातात कागद दिला गेला. तिने डॉक्टरांच्या सह्या असलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या "परस्पर हस्तगत केल्या", शिक्का "अनधिकृतपणे वापरला" आणि स्वतः डॉक्टर असल्याचं "भासवलं", म्हणून तिला कामावरून कमी केलं, असं त्या कागदावर लिहिलं होतं. सोप्या मराठीत सांगायचं तर चोर आणि भोंदू.

कागद देऊन व्यवस्थापक खाली गेले आणि त्यांनी पोरांना पोळ्याचा बोजारा वाटला. प्रत्येकाला बिस्किटाचा पुडा आणि एक फुगा. एकेका बैलाच्या पाठीवरून हात फिरवत, हसत. आम्ही जिना उतरलो तेव्हा एक पुडा त्यांनी माझ्यापुढेही केला.

मी पत्रकं लिहिते. तळ्यांच्या मासेमारीवर, बंद पडलेल्या एसटीवर, शाळेच्या गळक्या छतावर. आमच्या संघटनेत पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की पहिल्या ओळीत सांगायचं कोणावर अन्याय झाला आणि कधी झाला. वाचणारा चौकात उभा असतो, त्याला चहा घ्यायचा असतो. म्हणून आधी ते सांगून टाकलं. आता बाकीचं.

आमचं घर पवनीतलं, विणकराचं. दोन माग, त्यातला एक चालू. बाबूजी कोशाचं रेशमी कापड विणतात. थान संपत आलं की शेवटच्या चार बोटांत ते एक हिरवा धागा टाकतात. शेजारच्या काकांचा तांबडा, त्यांच्या पलीकडच्या घरचा निळा. व्यापाऱ्याकडे ढिगात गेलेल्या कापडात खोट निघाली, तर कोणाच्या हातची ते कळावं म्हणून. कोणी सक्ती केलेली नाही, कुठे लिहिलेलं नाही.

ताई चौदा वर्षांची असताना बाबूजी तापाने पडले आणि थानाचा शेवटचा हातभर भाग तिने विणला. त्यात एक ओळ चुकली. चूक लपावी म्हणून तिने मुकाट्याने हिरवा धागा टाकला. बाबूजी अंथरुणावरून उठले, कापडावर हात फिरवला, हिरवा धागा ओढून काढला आणि म्हणाले, "हे माह्या हातचं नाही. तुह्या हातचं आहे. आजपासून तुहा पिवळा." चुकलेल्या ओळीशेजारी तिचा पिवळा धागा घालून ते थान तसंच व्यापाऱ्याकडे गेलं. व्यापारी बोलायचं ते बोलला. ताई दोन दिवस जेवली नाही, पण पुढे तिच्या हातून ती ओळ कधी चुकली नाही.

हे सांगते, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथे आहे.

बारावीनंतर ताईला डॉक्टरकीला मार्क कमी पडले. नागपूरला तिने फिजिशियन असिस्टंटची पदवी घेतली. तीन वर्षं शिक्षण, एक वर्ष दवाखान्यात राबणं. रोग्याची विचारपूस करायची, तपासायचं, डॉक्टरला नीट सांगायचं, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली उपचार चालवायचे, हे त्या माणसाचं काम. हे काम असतं हेच आमच्या गल्लीला पटलं नाही.

"म्हंजे नर्स होय का?"

"नाही वो काकू."

"मंग डाक्टर?"

"तेही नाही."

"मंग अर्धी डाक्टरीन म्हन ना सरळ!"

अर्धी डाक्टरीन हे नाव पडलं ते पडलंच. ताई हसायची. म्हणायची, अर्धी तर अर्धी, पूर्ण डॉक्टर कुठे आसगावच्या पुढे यायला बसलाय?

खरंच होतं. ट्रस्टने आसगावच्या पुढच्या एका गावात शाखा काढली होती. दोन खोल्या, एक पलंग, औषधांचं कपाट. तिथे ताईला नेमलं. देखरेख करणारे डॉक्टर दर सोमवारी यायचे. एरवी ते जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या दवाखान्यात. मधे पन्नासेक किलोमीटर.

त्या भागात आमचं तळ्यांच्या मासेमारीवर काम चालू होतं, म्हणून मी नेहमी शाखेत पाणी प्यायला थांबायची. सोमवारची देखरेख मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. साहेब अकराला यायचे. पाच-सहा रोगी पाहायचे. मग चहा. चहासोबत ताई चिठ्ठ्यांचं पुस्तक पुढे ठेवायची. साहेब खांदा आणि कान यांच्यामधे फोन दाबून, घरी टाइल्स कुठल्या रंगाच्या बसवायच्या ते बोलत बोलत, कोऱ्या चिठ्ठ्यांवर खाली सह्या करत जायचे.

"किती लागतात तुला आठवड्याला?"

"तीस-पस्तीस, सर."

"पन्नास करून ठेवतो. उगाच फोन नको करत जाऊ."

औषधवाल्याला डॉक्टरची सही लागते, म्हणून ही सोय. मंगळवार ते शनिवार ताई तपासायची, चिठ्ठीवर लिहायची, तारीख घालायची. साहेबांना फोन लावायची. लागला तर विचारायची, नाही लागला तर जमेल तेवढं करून बाकीच्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवायची. गावातल्या लोकांना हे सगळं माहीत होतं. औषधवाल्याला माहीत होतं. व्यवस्थापकांना तर होतंच, कारण चिठ्ठ्यांची पुस्तकं तेच छापून पाठवत. गावात त्यांना नावच पडलं होतं सोमवारच्या चिठ्ठ्या.

हे बरोबर होतं का? नव्हतं. मी ताईला तेव्हाच म्हटलं होतं. ती म्हणाली, "मग काय करू? शाखेले कुलूप लावू?" पत्रक लिहिणाऱ्याकडे अशा वेळी उत्तर नसतं, फक्त उद्गारचिन्ह असतं.

मग दिल्लीत कायदा झाला. ताईच्या कामासारखी कितीतरी कामं, ज्यांना आजवर कायद्यात जागा नव्हती, त्यांना जागा मिळाली. कायद्याच्या शेवटी जोडलेल्या यादीत तिच्या कामाचं नाव होतं. राज्यात परिषद बसणार, नोंदवही उघडणार, ज्याची नोंद त्यालाच काम करता येणार. ताईने ते पान छापून आणलं आणि मागाच्या खोलीत खिळ्याला टोचलं. बाबूजींनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "इंग्रजीत आहे. पन तुह्यंच नाव आहे ना पक्कं?"

"माझं नाव नाही बाबूजी, कामाचं नाव."

"कामाचं नाव आलं म्हंजे मानसाचं येतेच."

नाही येत, बाबूजी. परिषद कागदावर बसली की खुर्च्यांवर, हे आम्हाला कोणी सांगेना. ताईने जिल्ह्याला विचारलं, नागपूरला विचारलं. उत्तर एकच, "सध्या थांबा." देखरेख म्हणजे काय, डॉक्टर किती अंतरावर असला तर ती देखरेख, फोन उचलला नाही तर ती कोणाची चूक, याचे नियम नंतर होणार होते. जुनी पद्धत कायद्याने चुकीची ठरली आणि नवी उघडली नाही. मधल्या या फटीत माझी बहीण त्या गावातल्या भाड्याच्या खोलीतून रोज साठ-सत्तर पावलं चालून शाखेचं कुलूप उघडत होती.

ट्रस्टने मात्र कायदा लगेच ओळखला. मोठ्या दवाखान्यात बैठक झाली, पेढे वाटले, व्यवस्थापक म्हणाले, आता तुम्ही सगळे कायद्याच्या छत्रीखाली आलात. आठवड्याभरात शाखेत एक रबरी शिक्का आला. त्यावर अक्षरं होती, "माझ्या देखरेखीखाली तपासले." साहेबांचा शिक्का. तो राहायचा ताईच्या टेबलाच्या खणात, शाईच्या डबीसोबत. साहेब सोमवारी सह्या करणार आणि आठवडाभर ताई त्यांच्या वतीने त्यांचीच देखरेख चिठ्ठीवर उमटवणार. कायदा बदलल्यावर आमच्याकडे एवढा बदल झाला, एक शिक्का वाढला.

त्या वर्षी धानाची रोवणी आटोपून तण काढायचं निंदण सुरू झालं होतं. गुरुवार होता. मी पत्रकं वाटून शाखेत टेकले होते. एका शेतकऱ्याने बायकोला मोटरसायकलवर मागे कापडाने स्वतःला बांधून आणलं. पाच दिवसांचा ताप. कोणीतरी सलाईन लावलं होतं, उतरला नव्हता. बाईला धाप लागली होती, पण तोंड चालू होतं.

ताईने पडदा ओढला आणि तिला लुगड्याची गाठ सैल करायला सांगितली.

"ताप डोक्याले आहे वो बाई, कमरेत काय पाहून राहिली?"

"पाहू दे माय. एकदा पाहिलं का तुहाही जीव मोकळा, माहाही."

"पाह्य बापा. नवऱ्यानं नाही पाह्यलं एवढं तू पाह्यते."

बाहेर नवरा खाली बघून हसला. मग ताईने मला पडद्याआड बोलावलं. कमरेवर डावीकडे, लुगड्याची गाठ बसते तिथे, बिडीचा चटका दिल्यासारखी काळी खपली होती. बाईला ती दुखतही नव्हती. धानाच्या बांधीतल्या गवतातला डोळ्याला न दिसणारा किडा चावला की अशी खूण उठते आणि ताप चढतो. स्क्रब टायफस. वेळेत औषध मिळालं तर साधा, नाही मिळालं तर माणूस जातो. आणि खूण असते अशा ठिकाणी, की पुरुष डॉक्टर बघत नाही आणि बाई दाखवत नाही.

ताईने साहेबांना फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. उचलला. ताईने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. पलीकडचं मला ऐकू येत होतं, साहेबांचा आवाज मोठा आहे.

"व्हायरल असेल. सोमवारी दाखव."

"सर, खूण आहे. धाप आहे. सोमवारपर्यंत..."

"चिठ्ठ्या दिल्यात ना? मग मला कशाला?"

फोन बंद.

हे वाक्य मी विसरणार नाही. चिठ्ठ्या दिल्यात ना, मग मला कशाला. त्या बाईच्या जिवाची अख्खी देखरेख त्या एका वाक्यात संपली.

ताईने चिठ्ठी काढली. औषध लिहिलं. सवयीने शिक्का मारला. मग ती त्या शिक्क्याकडे बघत राहिली. नंतर पेन घेतलं आणि साहेबांच्या सहीच्या खाली लिहिलं, "साहेबांनी पाहिलेले नाही. मी पाहिले. खूण कमरेत डावीकडे. स्क्रब टायफसचा संशय." त्याखाली स्वतःचं पूर्ण नाव, हुद्दा, फोन नंबर.

मी म्हटलं, "कायले लिहून राहिली? फसशील ना."

"हिले सरकारी दवाखान्यात पाठवून राहिली मी. तिथला डॉक्टर खूण शोधत बसंल. त्याले कोनाले विचारायचं हे कळाले पाहिजे का नाही?"

"अवो पन नाव कायले?"

"पाहिलं त मीच ना." एवढंच. तिने औषधाचा पहिला डोस स्वतःच्या हाताने पाजला आणि दोघांना गावातल्या एका जीपमधून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं.

तिने पिवळा धागा टाकला होता. विणकराच्या घरात वाढलेली पोरगीच ही चूक करू शकते. दुसरी कोणी असती तर शिक्का मारून मोकळी झाली असती, आणि आज नोकरीत असती.

बाई वाचली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, ताईला फोन केला, दोघं दहा मिनिटं बोलली. नंतर त्या भल्या माणसाने ट्रस्टला पत्र लिहिलं. तुमच्या शाखेतल्या मुलीने वेळेत ओळखलं म्हणून रुग्ण वाचला, तिचं अभिनंदन. आणि खाली एक ओळ. या शाखेत प्रत्यक्ष देखरेख कोण करतं, ते कळवावं.

त्या ओळीने घात केला. डॉक्टरांचा काही दोष नाही, प्रश्न बरोबरच होता. पण उत्तर खरं द्यायचं तर साहेबांची सही, व्यवस्थापकांची छापलेली पुस्तकं आणि ट्रस्टचा शिक्का, सगळं पुढे आलं असतं. त्यापेक्षा एक पोरगी चोर ठरवणं सोपं. म्हणून तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, अकरा वीसला, तो कागद.

आता माझं ऐका. कारण या कागदात मीही आहे.

कागदाच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, की तालुक्यात वाटल्या गेलेल्या पत्रकांमधूनही जनतेने अशा प्रवृत्तींविरुद्ध रोष व्यक्त केलेला आहे. व्यवस्थापकांनी खणातून एक पिवळट पत्रक काढलं आणि टेबलावर माझ्याकडे सरकवलं.

"हे तुमचंच ना, मॅडम?"

माझंच होतं. वर्षभरापूर्वीचं. पिशवी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या एका भोंदूने माझ्या मैत्रिणीच्या आईला सलाईन लावून मरणाच्या दारात नेलं होतं. त्या रागात मी एका बैठकीत ते लिहिलं होतं. ठळक अक्षरांत ओळ होती, "ज्याची नोंद नाही, त्याच्या हातची गोळी विष समजा!" मला ती ओळ फार आवडली होती. घरी वाचून दाखवली होती. ताई तेव्हा भाकरी थापत होती. म्हणाली, "माही तरी कुठं नोंद आहे वो?" मी म्हटलं, तुझी गोष्ट वेगळी. वेगळी कशी, ते पत्रकात लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ओळ लांब झाली असती, जोर गेला असता.

भोंदूवर त्या पत्रकाने काही झालं नाही. तो आजही फिरतो. त्याला नोंदवही नको, शिक्का नको, कायदा नको. पकडली गेली ती, जिने आपल्या हातची चूक असली तर सापडावी म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. आणि फास माझ्या हातचा.

व्यवस्थापकांनी माफीनामाही टाइप करून ठेवला होता. चिठ्ठ्या मी साहेबांच्या नकळत घेतल्या, शिक्का नकळत वापरला, मला क्षमा व्हावी. यावर सही केली तर पोलिसांत जाणार नाही आणि कामाच्या अनुभवाचा दाखला मिळेल. आठ दिवसांची मुदत.

दाखला म्हणजे काय ते समजून घ्या. उद्या नोंदवही उघडेल तेव्हा शिक्षणासोबत कामाचा दाखला मागतील, असं सगळे सांगत होते. दाखला नाही तर नोंद नाही. नोंद नाही तर हे काम आयुष्यात पुन्हा नाही. चार वर्षं शिकलेलं, पुढे हातात मुरलेलं, सगळं त्या एका कागदावर टांगलेलं.

घरी वाद झाला. मला वाटलं होतं बाबूजी ताईच्या बाजूने उभे राहतील. ते मागावर बसले होते, आडवा धागा टाकायचा धोटा हातात. म्हणाले, "कर सही."

ताई म्हणाली, "तुमीच त धागा टाकाले शिकवलं."

"धाग्यानं पोट भरलं असतं त या घरात दोनाचे बारा माग असते. एक बंद नसता पडला. कर सही, दाखला घे. मंग पाहू."

"चोर म्हनून सही करू?"

"म्हनू दे. लोकायले माहीत आहे."

"लोकायले माहीत आहे त लोकं कुठी आहेत, बाबूजी?"

यावर बाबूजींनी धोटा ठेवून दिला. मी मधे बोलायला गेले, उद्या पत्रक काढते, साहेबांचं नाव छापते, असं काहीतरी. ताई माझ्याकडे वळली. "तू चूप राय. तुह्या पत्रकानं झालं तेवढं पुरे आहे." आई चुलीपाशी होती, ती म्हणाली, "खरं आहे तिचं." मी बाहेर जाऊन ओट्यावर बसले. रडले नाही. राग इतका होता की रडायला जागा नव्हती, आणि त्यातला निम्मा राग कोणावर काढायचा ते मला कळत होतं.

आठव्या दिवशी आम्ही पुन्हा त्या ऑफिसात. ताईने माफीनामा घेतला, नीट वाचला, आणि सही केली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती अजून लिहीतच होती. सहीच्या खाली, गोल स्वच्छ अक्षरात, "वरील मजकूर ट्रस्टने लिहिलेला आहे. चिठ्ठ्या साहेब दर सोमवारी सही करून देत होते. शिक्का ट्रस्टने पाठवला होता. मी काही चोरले नाही."

व्यवस्थापकांनी वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

"बाई, तुमाले समजत नाही का? हे लिहायची जागा आहे का?"

"सही माही आहे त जागाही माहीच ना, सर."

त्यांनी कागद फाडला. चार तुकडे करून टोपलीत टाकले. "दाखला विसरा आता."

पोलिसांत ते गेले नाहीत. जाणार कसे? पोलिसाने पहिला प्रश्न विचारला असता, सही कोणाची? पण दाखलाही दिला नाही. तान्ह्या पोळ्याला दिलेलं ते आरोपाचं पत्र ताईच्या नावाने त्यांच्या फायलीत आहे. नोंदवही उघडेल तेव्हा कोणी विचारणा केली की ते बाहेर येणार.

शाखा चालू आहे. तिथे आता दुसरी मुलगी बसते, साहेब सोमवारी येतात, पुस्तकावर सह्या करतात. शिक्का नवा आला आहे. त्यावर एक शब्द वाढला आहे, "फोनद्वारे." "माझ्या फोनद्वारे देखरेखीखाली तपासले." त्या नव्या मुलीबद्दल मला राग नाही. तिच्यासाठी भीती आहे.

ताई घरी आहे. बंद पडलेला माग तिने चालू केला. आजूबाजूच्या बाया अजून तिच्याकडे येतात, पोराचा ताप दाखवायला, सासूची सूज दाखवायला. ती हात लावत नाही. साध्या तापाची गोळीसुद्धा सांगत नाही. "मले विचारू नका जी, डॉक्टरकडे जा," एवढंच म्हणते, आणि तिची नजर मात्र त्या पोराच्या डोळ्यांवर, नखांवर, पोटावर फिरत असते. बाई गेली की मागाचा धोटा जरा जोरात आपटतो. हे मला रोज ऐकावं लागतं.

दिवाळीच्या आधी ती वाचलेली बाई आली. नवऱ्यासोबत, एसटीने, पवनीत घर विचारत विचारत. हातात प्लास्टिकची पिशवी. आमच्याकडे गावात चिठ्ठी कोणी फेकत नाही. दवाखान्याचा कागद म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगतात, नाहीतर देवाच्या फोटोमागे खोचतात. घरातल्या सगळ्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या तिने आणल्या होत्या.

"आमी आयकलो का तुले चोर म्हनलं. मी म्हनलं, एक चिठ्ठी चोरल मानूस. दोन चोरल. अकरा कशी चोरल वो?"

अकरा चिठ्ठ्या ओट्यावर पसरल्या. सासऱ्याच्या चार, पोराच्या पाच, नवऱ्याची एक, आणि तिची ती. प्रत्येकीवर साहेबांची सही, तीच, घाईची. शिक्का आल्यानंतरच्या प्रत्येकीवर शिक्का. तारखा ताईच्या अक्षरात. मी मोबाइलवर दिनदर्शिका काढून एकेक वार पाहिला. अकरातली एकच चिठ्ठी सोमवारची होती.

म्हणजे दहा वेळा साहेबांनी न पाहिलेला माणूस त्यांच्या देखरेखीखाली तपासला गेला. एका घरात. आणि शाखेत येणारी घरं किती होती?

ताई त्या चिठ्ठ्यांकडे बघत होती. "एवढ्या लिहिल्या मी," म्हणाली. मग बाईचा हात धरून नाडी पाहिली. कितीतरी आठवड्यांत तिने पहिल्यांदा कोणाला हात लावला. बाई म्हणाली, "कमर नाही पाह्यत का आता?" आणि दोघी हसल्या.

त्या दिवशी मला कळलं की ट्रस्टच्या टोपलीत फाटून पडलेला कागद संपलेला नाही. तो तुमच्या घरात आहे. खिळ्याला टांगलेल्या पिशवीत आहे, देवाच्या फोटोमागे आहे. साहेबांची देखरेख दर आठवड्याला पन्नास तुकड्यांत तुम्हीच घरी नेली. म्हणून या वेळी मी कोणाला मुर्दाबाद म्हणत नाही. ठळक ओळ लिहीत नाही. ठळक ओळीचं काय होतं ते मी पाहिलं.

एक मागणी करते, तुमच्याकडे. तुम्ही आसगावच्या बाजूचे असाल, त्या शाखेत कधी गेला असाल, तर आता उठा. पिशवी काढा. चिठ्ठी सरळ करा. वार पाहा. सही साहेबांची आणि वार सोमवार सोडून दुसरा असेल, तर ती फाडू नका, ओली होऊ देऊ नका, कोणी मागायला आलं तर देऊ नका. मागच्या कोऱ्या बाजूला लिहा, त्या दिवशी तुम्हाला कोणी तपासलं, साहेब होते की नव्हते. खाली स्वतःचं नाव लिहा, आणि पवनीत आमच्या ओट्यावर आणून द्या. अंगठा उठवत असाल तर अंगठा उठवा. ताईने तुमच्यातल्या एकीच्या चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहिलं होतं. आता तुम्ही लिहा.